एकट्या स्त्रीची वाट

अमुक शहर एकट्या स्त्रीला सुरक्षित आहे काय, हा प्रश्न मुलगी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी युरोपात निघाली की घरोघरी विचारला जातो. उत्तरही बहुधा एका शब्दात मिळते. परंतु कोणतेही शहर सर्वस्वी सुरक्षित नसते, तसे ते सर्वस्वी भयावहही नसते. त्याच शहरातील एक रस्ता निर्धास्तपणे चालता येतो, दुसरा येत नाही. दुपारी जो थांबा गजबजलेला असतो, तोच रात्री निर्मनुष्य होतो. सुरक्षितता हा भूमीचा गुण नव्हे. ती माणसांनी घडवावी लागते.

व्हिएन्ना या शहराचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे १९९१ साली स्त्रियांच्या दैनंदिन वावराविषयी एक छायाचित्र-प्रदर्शन भरले आणि सार्वजनिक जागा नेमकी कोणाची, असा प्रश्न नगररचनाकारांपुढे उभा राहिला. पुढील वर्षी महापालिकेत स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. पाहणी करता असे आढळले की, पुरुष प्रायः घर आणि कचेरी एवढीच फेरी करतात. स्त्रियांच्या दिवसाला मात्र शाळा, बाजार, दवाखाना, वृद्धांची शुश्रूषा असे अनेक फाटे फुटतात आणि त्या अधिक पायी चालतात. तेव्हा पदपथ रुंद करण्यात आले, अंधाऱ्या जागी दिवे लागले. मुली नऊदहा वर्षांच्या झाल्या की उद्यानांतून दिसेनाशा होतात, हेही ध्यानी आले. म्हणून काही उद्यानांची मांडणी बदलण्यात आली. स्त्रियांनी घरी बसावे असा उपदेश न करता शहराने स्वतःत बदल केला, हे त्यातील मर्म होय.

हाच प्रश्न पैनगंगेच्या दक्षिणेकडील आदिलाबाद जिल्ह्याला लावला, तर त्याचे रूप पालटते. येथे एकटी प्रवास करणारी स्त्री म्हणजे केवळ विद्यार्थिनी वा पर्यटक नव्हे. बेला, जैनद, तामसी या मराठी बोलल्या जाणाऱ्या भागांतून बाजाराला जाणारी शेतकरीण, उटनूरच्या डोंगराळ मुलुखातील परिचारिका व शिक्षिका, नागोबाच्या जत्रेसाठी केस्लापूरची वाट धरणारी गोंड स्त्री आणि खेडोपाडी किरकोळ माल विकणारी फिरस्ती, या सर्वजणी एकट्या प्रवासी आहेत. एकटेपणा ही त्यांची हौस नसून त्यांच्या उपजीविकेची अट आहे.

या अटीची किंमत किती भयंकर असू शकते, हे २०१९ साली दिसून आले. मूळ आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ मध्ये चार जिल्हे झाले. त्यांपैकी कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील लिंगापूर मंडलात, २४ नोव्हेंबर २०१९ रोजी, गावोगाव विक्री करणाऱ्या एका दलित विवाहितेवर सामूहिक अत्याचार होऊन तिचा खून झाला. अशा पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे पोलिसांनी तिला ‘समता’ हे नाव दिले. तीनच दिवसांनी हैदराबादनजीक शमशाबाद येथे एका पशुवैद्य तरुणीचा तसाच अंत झाला. त्या दुसऱ्या घटनेने सारा देश हादरला. पहिलीची वार्ता मात्र बराच काळ जिल्ह्याबाहेर फारशी गेली नाही. महामार्गावरील स्त्रीचे दुःख देशाला दिसले, पाऊलवाटेवरील स्त्रीचे दिसण्यास वेळ लागला.

दोन्ही प्रकरणांचा शेवटही विचार करण्याजोगा आहे. शमशाबादच्या चौघा आरोपींना ६ डिसेंबर २०१९ रोजी पोलिसांनी गोळ्या घातल्या. अनेकांनी त्याचा जयजयकार केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ साली चकमकीची पोलिसांनी सांगितलेली हकीकत अविश्वसनीय ठरवली. समताच्या प्रकरणात मात्र आदिलाबादच्या विशेष न्यायालयाने साक्षीपुरावे तपासून ३० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे सव्वादोन महिन्यांत, तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. शिक्षेच्या स्वरूपाविषयी मतभेद असू शकतात; पण न्याय त्वरित होऊ शकतो आणि तो न्यायालयातच होऊ शकतो, एवढे या जिल्ह्याने दाखवून दिले. तथापि शिक्षा ही घटनेनंतरची गोष्ट. घटनेपूर्वी काय करता येते?

त्या दिशेने काही पावले पडली आहेत. हैदराबादेत २०१४ मध्ये सुरू झालेली ‘शी टीम्स’ ही पोलीस पथके पुढे सर्व जिल्ह्यांत नेमली गेली. बसथांबे, बाजार, महाविद्यालये येथे साध्या वेशात वावरून छेडछाड करणाऱ्यांना पकडणे हे त्यांचे काम. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणाच्या परिवहन महामंडळाच्या साध्या व एक्स्प्रेस बसमधून राज्यातील स्त्रियांना विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. महाराष्ट्रानेही १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या भाड्यात स्त्रियांना निम्मी सवलत दिली. या योजनांकडे केवळ पैशांची बचत म्हणून पाहणे योग्य नव्हे. बसमध्ये स्त्रियांची संख्या वाढली की एकटी स्त्री एकटी राहत नाही.

परंतु बस फाट्यापर्यंतच जाते. फाट्यापासून गावापर्यंतचे दोनतीन मैल पायीच तुडवावे लागतात, आणि खरी परीक्षा तेथेच असते. त्या वाटेवर दिवा आहे काय, शेवटची बस दिवस मावळण्यापूर्वी येते काय, दूरध्वनीला संदेशलहरी मिळते काय, या लहानसहान गोष्टींवर स्त्रीची सुरक्षितता अवलंबून असते.

सीमेवरील स्त्रीपुढे आणखी एक अडचण असते ती हद्दीची. किनवटच्या वाटेवर अपराध घडला आणि घर आदिलाबादेत असले, तर तक्रार कोठे नोंदवावी? शमशाबादच्या प्रकरणात गुन्हा नोंदविण्यास विलंब केल्याबद्दल तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले होते, हे विसरता कामा नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र अपराधाची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घेतलीच पाहिजे. ११२ हा आपत्कालीन आणि १८१ हा महिला साहाय्य क्रमांक पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर चालतो. हे हक्क प्रत्येक घरी मराठीत, तेलुगूत आणि गोंडीतही सांगितले गेले पाहिजेत.

शेवटी एक भ्रम दूर होणे अगत्याचे आहे. देशातील बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी दहांत नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. म्हणजे रस्त्याच्या भयाने मुलीला घरात कोंडल्याने ती सुरक्षित होतेच असे नाही. तिचे शिक्षण आणि तिची कमाई मात्र निश्चितपणे बुडते. म्हणून एखाद्या जिल्ह्याची कसोटी स्त्रिया किती जपून वागतात ही नव्हे. डोंगरातल्या पाऊलवाटेने एकटी निघालेली फिरस्ती विक्रेती दिवसाचे काम आटोपून निर्धास्तपणे घरी परतते की नाही, हीच ती कसोटी होय.