पौष्टिक गहू शेतात आला, लेकरांच्या ताटात कसा येणार?

पुणे : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ‘एमएसीएस ४०२८’ हे गव्हाचं वाण तयार केलं आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेनं २०१९ मध्ये त्याला जैवसंपृक्त, म्हणजे दाण्यातच जादा पोषण असलेलं वाण ठरवलं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिरायती रानासाठी ते आहे. कुपोषण कमी करण्याच्या कामात युनिसेफनं कृषी विज्ञान केंद्रामार्फत हे वाण घेतलं.

पण नुसतं वाण चांगलं असून भागत नाही. ज्याची-त्याची भाषा वेगळी पडते.

शास्त्रज्ञ सांगतात, किलोमागे ४६ मिलिग्रॅम लोह, ४० मिलिग्रॅम जस्त आणि १४.७ टक्के प्रथिनं. शेतकरी विचारतो, एकरी उतारा किती? सरासरी हेक्टरी १९.३ क्विंटल, म्हणजे एकरी पावणेआठ क्विंटलच्या आसपास. पीक साधारण १०२ दिवसांत निघतं. अंगणवाडी ताईंचं लक्ष लेकराच्या वजनाकडं. आणि आडतीवर दाणा बघून भाव ठरतो. लोह डोळ्यांना दिसत नाही. मग हा गहू दुसऱ्या गव्हात मिसळला, की त्याची ओळखच संपली.

अडचण कुठं होते?

कृषी सहाय्यक कृषी खात्याचे, अंगणवाडी सेविका महिला व बालविकास खात्याच्या, आशाताई आरोग्य खात्याच्या. तिघंही एकाच गावात फिरतात, पण कुणाच्या घरी काय पेरलंय आणि कुणाचं लेकरू अशक्त आहे, या दोन गोष्टी एका कागदावर येत नाहीत.

काय करता येईल?

सप्टेंबरमध्ये पोषण महिना असतो. जिरायती गव्हाची पेरणी त्यानंतर, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणून पोषण महिन्याच्या कार्यक्रमाला कृषी सहाय्यकांना बोलवावं. बियाणं कुठं मिळेल ते तिथंच विचारावं. हे वाण हायब्रिड नाही, त्यामुळं पुढच्या साली घरचं बी चालतं.

घरी खायचं पोतं वेगळं ठेवून त्यावर नाव लिहावं. गिरणीत दळण स्वतंत्र करावं, कोंडा चाळून टाकू नये. लोह-जस्त त्यातही असतं. ताईंनी आयांना सांगावं, जेवणासोबत चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. लिंबाची फोड असावी.

आणि घरात खाणार कोण, हेही ठरवायला पाहिजे. शेताचा निर्णय बहुतेक ठिकाणी बाप्ये घेतात, चूल बाई सांभाळते. बैठकीला दोघंही आले, तरच पेरलेलं ताटात येईल.