भोक, फेरे आणि हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लोखंडाला भोक पाडण्याविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण सुट्टीत मी उद्यमबागेत काकांच्या वर्कशॉपमध्ये हिशेब लिहितो. तेथे ‘हत्यारे’ या खात्याचा खर्च का फुगतो, हे शोधताना मला हा विषय समजून घ्यावा लागला.

मोठे गोल भोक पाडायला होलसॉ वापरतात. वाटीसारख्या या हत्याराच्या काठाला करवतीचे दात असतात. ते फक्त कडेचे वर्तुळ कापते. मधली चकती अखंड निघते. ड्रिल मशीनवरच लावायचे, म्हणून ड्रिलच्याच वेगाने फिरवायचे असा अनेकांचा समज असतो. तोच महागात पडतो.

मशीनवर आपण फेरे मोजतो; दाताला मात्र अंतर कापावे लागते. १० मिमीच्या ड्रिलची कड एका फेऱ्यात सुमारे ३१ मिमी धावते, तर ५० मिमीच्या होलसॉचा दात १५७ मिमी. फेरे तेच ठेवले तर दात पाचपट वेगाने धातूवर घासतो, तापतो आणि त्याची धार जाते.

हायस्पीड स्टीलच्या दातांना साध्या पोलादात मिनिटाला सुमारे २७ मीटर वेग मानवतो. त्यावरून सोपा हिशेब असा: ८६०० ला मिलिमीटरमधील व्यासाने भागावे. ५० मिमीला मिनिटाला १७२ फेरे येतात. स्टेनलेस स्टीलला याच्या निम्मे, बिडाला दोन-तृतीयांश आणि अॅल्युमिनियमला दीडपट फेरे ठेवावेत. मशीनचा पट्टा बदलून नेमका आकडा मिळत नसेल, तर त्याखालचा घ्यावा.

पोलाद कापताना कटिंग ऑइल द्यावे. बीड कोरडेच कापावे. स्टेनलेसवर दाब सैल सोडू नये. दात नुसते घासत राहिले की त्याचा पृष्ठभाग आणखी कठीण होतो. धूर निघाला किंवा कीस निळा पडला, तर फेरे जास्त झाले असे समजावे.

नगावर मजुरी असली की घाई होते. वाचलेली दोन मिनिटे लगेच जमेला दिसतात. जळालेला होलसॉ महिनाअखेरीस दुसऱ्याच खात्यात निघतो. म्हणून दोन्ही खाती शेजारी ठेवूनच कामाचा दर ठरवावा.

आपल्या कन्नड मित्रांच्या भाषेत ‘निधान’ म्हणजे सावकाशपणा. मराठीत निधान म्हणजे ठेवा. होलसॉच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकच!