चित्रपटांची पारख

आपल्याकडे एखादा विद्यार्थी चित्रपट पाहून घरीं आला म्हणजे वडील मंडळी त्यास विचारतात, “त्यांतून बोध काय घेतलास?” आणि मित्र विचारतात, “गाणीं कशीं आहेत?” दोन्ही प्रश्न वावगे नव्हेत. परंतु ह्या दोनच मापांनीं सर्व जातींचे चित्रपट मोजूं लागल्यास मोठा घोटाळा होतो. पुराणकथा, संतचरित्र, सामाजिक प्रश्न, निव्वळ विनोद ह्यांचीं प्रयोजनें निराळीं. त्यांची पारखहि निराळीच व्हावयास पाहिजे. प्रस्तुत लेखक ह्या विद्येंतील पंडित नव्हे, केवळ हौशी प्रेक्षक आहे. तथापि जुने मराठी चित्रपट पुनःपुन्हां पाहून जें मत बनलें तें वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहें.

आरंभ पौराणिक चित्रपटांपासून करणें प्राप्त आहे, कारण आपल्या चित्रसृष्टीचा उगमच तेथें आहे. दादासाहेब फाळके ह्यांनीं मुंबईंत प्रभु ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. तो पाहत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें राम, कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभीं राहूं लागलीं, असें त्यांनीं पुढें ‘नवयुग’ मासिकांत लिहिलें. त्या ध्यासाचें फळ म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. तारामतीच्या कामास एकहि स्त्री मिळेना; तेव्हां खाणावळींत काम करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसवावें लागलें. ह्याच साळुंक्यांनीं ‘लंकादहन’ (१९१७) ह्या चित्रपटांत राम व सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या! पुढें १९३२ सालीं ‘प्रभात’ कंपनीनें तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ ह्या नांवानें बोलकी केली, तेव्हां तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे, सधन घराण्यांतल्या व सेंट झेवियर कॉलेजांत शिकलेल्या. कथेचा बोध दोहोंत एकच. परंतु ह्या दोन तारामतींमधील एकोणीस वर्षांत आपला समाज किती वाट चालून गेला, हें त्या बोधावरून कधींच कळणार नाहीं.

संतपटांविषयीं माझें मत प्रथम फारसें चांगलें नव्हतें. पडद्यावर चमत्कार दाखविणें सोपें, म्हणून चमत्काराची भक्ति करावयाची, असा माझा ग्रह होता. तो ‘संत तुकाराम’ (१९३६) ह्या चित्रपटानें घालविला. दामले व फत्तेलाल ह्यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईंत वर्षाहून अधिक काळ चालला व १९३७ सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस ह्यांचे तुकोबा शांत व गोड आहेत ह्यांत संशय नाहीं. पण मला जिंकलें तें गौरी ह्यांच्या जिजाईनें. मूल आजारी, घरांत दाणा नाहीं, नवरा भजनांत दंग. अशा वेळीं ती मुलाला ओढीत देवळांत जाते आणि हातांत पायताण घेऊन प्रत्यक्ष पांडुरंगास जाब विचारते. प्रेक्षक हसतात, आणि हसतां हसतां त्यांचा घसा दाटून येतो. शेवटीं गरुडाचें विमान तुकोबांस घेऊन आकाशांत जातें, आणि ही बाई मात्र भूमीवरच राहते. चमत्कार खरा कीं खोटा हा प्रश्नच मग मनांत उरत नाहीं. मागें राहिलेल्या त्या बाईचें काय, हा उरतो. ह्याच चित्रपटासाठीं शांताराम आठवले ह्यांनीं रचलेलें एक पद इतकें अस्सल उतरलें कीं कित्येक जाणत्यांनीं तें तुकोबांचेंच समजून गाथेंत शोधलें, असें सांगतात. माझा एक मित्र अद्याप म्हणतो कीं विमान दाखवावयास नको होतें. आमचा हा वाद मिटलेला नाहीं.

सामाजिक चित्रपटांत बोधाचा मोह सर्वांत मोठा असतो. ना. ह. आपटे ह्यांच्या कादंबरीवरून व्ही. शांताराम ह्यांनीं काढलेल्या ‘कुंकू’ (१९३७) ह्या चित्रपटांत जरठ-बाला विवाहाचा निषेध आहे. पण तेवढाच असता तर तो एका व्याख्यानांत भागला असता. फसवून वृद्ध वकिलाच्या गळ्यांत बांधलेली नीरा (शांता आपटे) त्यास पति म्हणून मानण्याचें साफ नाकारते. आणि तो वृद्ध (केशवराव दाते) दुष्ट नाहीं, हीच तर ह्या चित्रपटाची खरी खुबी. भिंतीवरचें जुनें घड्याळ आणि आरसा त्यास त्याच्या वयाची आठवण देत राहतात. पार्श्वसंगीत मुळींच नसल्यामुळें घरांतील प्रत्येक लहानसहान आवाज अंगावर येतो. नीरा लाँगफेलोची एक इंग्रजी कविताहि गाते. आपल्या शाळेंत ती पाठ केलेल्यांस त्या प्रसंगीं निराळीच गंमत वाटेल. वृद्धाच्या सुधारक कन्येचें काम शकुंतला परांजपे ह्यांनीं केलें. त्या प्रत्यक्ष जीवनांतहि समाजकार्यकर्त्या होत्या, त्यामुळें त्यांचें बोलणें पाठांतराचें वाटत नाहीं.

शांतारामांचाच ‘माणूस’ (१९३९) मला ‘कुंकू’च्या खालोखाल आवडतो. त्यांत गणपत पोलिसाचें काम शाहू मोडक ह्यांनीं केलें. मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले. आणि तेच पुढें ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्यें ज्ञानदेव झाले व अनेक चित्रपटांत श्रीकृष्ण झाले. लोकांनीं त्यांस त्या रूपांत मनोभावें हात जोडले. कोणीहि त्यांची जात-धर्म विचारीत बसला नाहीं, ही गोष्ट मला पुष्कळ पाठ्यपुस्तकी उपदेशांहून मोलाची वाटते.

हेंच सूत्र ‘शेजारी’ (१९४१) ह्या चित्रपटांत जाणून-बुजून गुंफलेलें आहे. एका गांवांत एक हिंदु व एक मुसलमान वृद्ध जिवलग स्नेही. धरण बांधावयास आलेला धनिक त्यांच्यांत विष कालवितो, आणि शेवटीं फुटलेल्या धरणावर दोघेहि एकमेकांचे हात धरून प्राण सोडतात. गजानन जागीरदार ह्यांनीं मिर्झांचें काम केलें. आणि हिंदी आवृत्तींत हिंदु ठाकुराचें काम मझहर खान ह्यांनीं केलें. कथानकांतील धनिक फारच एकरंगी काळा रंगविला आहे, हा दोष मला मान्य आहे. तरीहि सहा वर्षांनीं, १९४७ सालीं, देशांत जें घडलें तें ठाऊक असलेल्या प्रेक्षकास तो शेवटचा प्रसंग कोरड्या डोळ्यांनीं पाहवत नाहीं.

आतां विनोदपट. ह्यांच्याविषयीं वडील मंडळी उगाच नाक मुरडतात. आचार्य अत्रे ह्यांनीं लिहिलेला व मास्टर विनायक ह्यांनीं दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ (१९३८) घ्या. औदुंबर नांवाचा तरुण एक व्याख्यान ऐकतो काय, लगेच आजन्म ब्रह्मचर्याची शपथ वाहतो काय, आणि पुढें त्याची फजिती होते काय! येथें बोध शोधणाऱ्यानें जरूर शोधावा. पण आधीं पोट धरून हसावें. ज्याचा विनोद हसवीत नाहीं तो विनोदपट कितीहि सुबोध असला तरी फसलाच. ह्याच अत्र्यांनीं पंधरा वर्षांनीं साने गुरुजींच्या पुस्तकावरून ‘श्यामची आई’ (१९५३) काढला व त्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. हसविणारा व रडविणारा हात एकच होता.

एक खेदाची गोष्ट नमूद करावयाची राहिली. २००३ सालच्या जानेवारींत पुण्यास जुन्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि ‘प्रभात’च्या कित्येक मूळ फिती जळून गेल्या. त्यांच्या प्रती आधींच काढून ठेविल्या होत्या, म्हणून वर सांगितलेले ‘प्रभात’चे चित्रपट आजहि पाहावयास मिळतात. ‘राजा हरिश्चंद्र’चें भाग्य एवढें थोर नाहीं, तो आज संपूर्ण स्वरूपांत उपलब्ध नाहीं. दुर्गाबाईंची तारामती आपण आरंभापासून अखेरपर्यंत पाहूं शकतों; साळुंक्यांच्या तारामतीचे मात्र तुकडेच हातीं उरले आहेत.