गज आणि गज

मराठीत 'गज' म्हणजे हत्ती आणि खिडकीची लोखंडी सळईसुद्धा 'गज'च. प्राणिसंग्रहालयातल्या कीपरचा जीव गेली तीस-पस्तीस वर्षे या दोन अर्थांमध्येच अडकला आहे.

ऑक्टोबर 2001 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात म्या नावाच्या हत्तिणीने आपल्या अनुभवी कीपरला प्रेक्षकांसमोर पायाखाली चिरडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या हत्तिणी व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयात हलवण्यात आल्या आणि लंडनमधला जवळजवळ 170 वर्षांचा हत्तींचा मुक्काम संपला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या पिट्सबर्गला, पिल्लासह फिरायला नेलेल्या हत्तिणीने कीपरचा जीव घेतला. 2013 मध्ये मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डला तेच. तिथे कळपाची म्होरकी काही दिवसांपूर्वीच मरण पावली होती.

तिन्ही ठिकाणी हत्तिणीच होत्या, हे विसरून चालणार नाही. मदात आलेल्या नराजवळ कोणी शहाणा माणूस जात नाही. डोळा आणि कान यांच्यामधली ग्रंथी पाझरू लागली की धोका सर्वांना दिसतो. हत्तीण मात्र वर्षानुवर्षे शांत असते, माणूस निर्धास्त होतो आणि एखाद्या दिवशी तीन टनांचे जनावर नुसते कुशीवर वळले तरी पुरते.

जुन्या पद्धतीत कीपर अंकुश घेऊन थेट हत्तीशेजारी उभा राहायचा. कळपाचा म्होरक्या मीच, हा त्यामागचा दावा. पण हत्तींच्या कळपात मान मिळतो तो वयाला, नात्याला आणि आठवणींना. काठीवाल्या माणसाचे वर्चस्व टिकते ते कोणी त्याची परीक्षा घेत नाही तोवरच.

1990 च्या सुमारास सॅन डिएगोमध्ये गेल लॉल आणि टिम डेसमंड या प्रशिक्षकांनी डॉल्फिन शिकवण्याची युक्ती हत्तींवर वापरली. मधे भक्कम गज, कीपरच्या हातात टोकाला गोळा लावलेली काठी. हत्तीने गोळ्याला कपाळ किंवा पाय टेकवला की शिट्टी वाजते आणि सफरचंद मिळते. हळूहळू हत्ती गजांच्या फटीतून पाय बाहेर ठेवायला शिकतो आणि कीपर कानशीने नखे घासतो. हे काम टाळता येत नाही, कारण कठीण जमिनीवर उभ्या राहणाऱ्या बंदिस्त हत्तींना पायांचे विकार फार होतात. रक्त कानाच्या शिरेतून काढतात. क्षयाच्या तपासणीसाठी सोंडेत मिठाचे पाणी ओततात, हत्ती सोंड उंच धरतो आणि मग तेच पाणी पिशवीत फुंकतो. इतके सगळे सफरचंदाच्या मोबदल्यात! नको वाटले तर त्याने खुशाल निघून जावे, शिक्षा नाही. या पद्धतीचा खरा जोर त्या नकारात आहे, कारण नाही म्हणता येणाऱ्या जनावराला नकारासाठी माणूस पाडावा लागत नाही.

अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने 2011 मध्ये हीच पद्धत धरण्याचे ठरवले आणि त्यासाठी 2014 पर्यंतची मुदत दिली. हत्तीशी जडलेले नाते गजांआडून टिकत नाही, असे म्हणणारे जुने कीपर तेव्हाही होते. पिट्सबर्गने तर 2015 मध्ये या नियमावरून संघटनाच सोडली. एक कीपर गमावलेल्या संस्थेचा हा हट्ट अनाकलनीय म्हणावा लागेल.

भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 मध्ये वेगळीच वाट धरली: प्राणिसंग्रहालयांतले हत्ती वनखात्याच्या छावण्यांमध्ये हलवावेत. जागेच्या दृष्टीने ते योग्यच. मात्र त्या छावण्यांत आजही माहूत हत्तीच्या मानेवर बसतो, हाताने त्याला अंघोळ घालतो, हाताने घास भरवतो. दोघांमध्ये गज नसतात.