पूर्वभागाची उधारी



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत चित्रपटाविषयी बोलावे, हे आपल्यांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. चित्रपटाचे शास्त्र आम्ही कोठे शिकलेलो नाही. परंतु एक गोष्ट आम्हांस आमच्या कामाने शिकवली आहे. मालक आणि कामगार यांच्यातला करार तीनचार वर्षांचा असतो. मुदत संपली की नव्या करारासाठी बसावे लागते, आणि बसल्याबरोबर पहिला प्रश्न येतो तो मागच्या करारात जे कच्चे राहिले, जे ‘पुढे पाहू’ म्हणून सोडून दिले, त्याचे आता काय करायचे, हा. चित्रपटाचा दुसरा भाग काढणारापुढेही हाच प्रश्न असतो. पहिल्या भागात काही पात्रे कच्ची राहिलेली असतात, काही रहस्ये उलगडायची राहिलेली असतात. ती उधारी कशी फेडायची? सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊन आज आपण हे पाहू.

उदाहरण आहे ‘बाहुबली’चे. मूळ चित्रपट तेलुगू आणि तमिळ भाषांतला, दिग्दर्शक एस. एस. राजामौली, कथा त्यांचे वडील विजयेंद्र प्रसाद यांची. पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आला आणि दुसरा २८ एप्रिल २०१७ रोजी. आपल्याकडे बहुतेकांनी तो हिंदीत पाहिला, आणि त्या हिंदी बाहुबलीला आवाज होता शरद केळकर या मराठी नटाचा. कथा दोन भागांत सांगायची हे आधीच ठरलेले होते. तरी दुसऱ्या भागाचे बरेचसे चित्रण पहिला लोकांपुढे आल्यावर झाले. म्हणजे लोक काय म्हणतात हे ऐकण्यास करणारांना अवसर मिळाला होता.

पहिल्या भागाची कथा थोडक्यात अशी. धबधब्याच्या पायथ्याशी वाढलेला शिवुडू हा तरुण कडा चढून माहिष्मती राज्यात येतो. तेथे त्याला कळते की, आपण अमरेंद्र बाहुबली या मृत वीराचे पुत्र, आणि राजा भल्लालदेवाने पंचवीस वर्षे साखळदंडात ठेवलेली देवसेना ही आपली आई. पूर्वीची हकीकत त्याला सांगतो कटप्पा, माहिष्मतीच्या सिंहासनाचा पिढीजात गुलाम. हकीकत सांगतासांगता अखेर तो म्हणतो की, तुझ्या वडिलांना मारणारा मीच. आणि तेथे चित्रपट संपतो. ‘कटप्पाने बाहुबलीला का मारले?’ हा प्रश्न त्यानंतर एक वर्ष नऊ महिने देशभर फिरत राहिला. चहाच्या टपरीवर, एस.टी.त, कारखान्याच्या उपाहारगृहात, जेथे जावे तेथे तोच प्रश्न.

असा प्रश्न टाकून ठेवणे सोपे असते. त्याचे उत्तर देणे फार अवघड. कारण मधल्या काळात प्रत्येक प्रेक्षकाने आपापले उत्तर तयार केलेले असते. दुसऱ्या भागाने दिलेले उत्तर एका शब्दाचे आहे: हुकूम. राजमाता शिवगामीने आज्ञा केली आणि कटप्पाने ती पाळली. नुसते एवढेच सांगितले असते तर लोक हिरमुसले होऊन घरी गेले असते. ते तसे गेले नाहीत, याचे कारण राजामौलींनी उत्तराचा भार घटनेवर न टाकता एका पात्रावर टाकला. ते पात्र शिवगामीचे.

पहिल्या भागातली शिवगामी आठवा. ती बंड मोडते, राज्य सांभाळते, पोटचा भल्लालदेव आणि पोरका अमरेंद्र यांत तीळमात्र भेद करीत नाही. युद्धाच्या धुमाळीतही ज्याने कैदेतल्या प्रजेचा जीव वाचवला, त्या अमरेंद्राला ती राजपद जाहीर करते. तिच्यात दोष म्हणून नाही. दोष नसलेले पात्र दिसायला भव्य असते, पण आतून ते कच्चेच असते. कारण त्याच्या हातून पुढे काही घडू शकत नाही. दुसऱ्या भागाने तिला दोष दिला. भल्लालदेवाला देवसेना हवी आहे म्हणताच ती त्याला शब्द देऊन बसते, आणि ज्या मुलीविषयी शब्द दिला तिला विचारतही नाही. देवसेनेने नकार दिल्यावर शब्दाची जागा अभिमान घेतो. सिंहासन की देवसेना, असा पेच ती अमरेंद्रापुढे टाकते. तो देवसेनेचा हात धरतो आणि राज्य भल्लालदेवाकडे जाते. पुढे बिज्जलदेव आणि भल्लालदेव कारस्थान रचतात. भोळ्या कुमार वर्म्याला पुढे करून, अमरेंद्र भावाच्या जिवावर उठला आहे असे ते भासवतात, आणि शिवगामी चौकशी न करता मृत्युदंड फर्मावते. न्यायी बाई अन्याय कसा करते, हे पायरीपायरीने दिसल्यामुळे त्या एका शब्दाच्या उत्तराला वजन आले. शिवाय पहिल्या भागाच्या आरंभी बाणाने घायाळ झालेली एक स्त्री तान्हे मूल पाण्यावर उचलून धरते व स्वतः बुडते, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले होते. ती शिवगामी होती; ते तिचे प्रायश्चित्त होते, हे मात्र आता कळते. जुने दृश्य न बदलता त्याचा अर्थ बदलणे हे दुसऱ्या भागाचे सर्वांत मोठे कसब होय.

देवसेनेचेही तसेच. पहिल्या भागात ती अंगणात साखळदंड ओढीत काटक्या गोळा करणारी वृद्धा. कोणीतरी येऊन तिला सोडवायचे, एवढेच तिचे काम. दुसऱ्या भागात ती कुंतल देशची राजकन्या म्हणून दिसते: शस्त्र चालवणारी, भर दरबारात राजमातेला खडे बोल सुनावणारी. देवळाच्या रांगेत सेनापती बायकांच्या अंगाला हात लावतो, तेव्हा ती त्याची बोटे छाटते. ही बाई पंचवीस वर्षे काटक्या का वेचीत होती, हे मग कोणी सांगावे लागत नाही. ती भल्लालदेवाची चिता रचीत होती, आणि अखेर त्याच चितेवर तो जळतो.

परंतु सगळीच उधारी अशी फिटलेली नाही. अवंतिका हे पहिल्या भागातले पात्र घ्या. देवसेनेला सोडवण्याची शपथ घेतलेली ही लढवय्यी मुलगी. शिवुडू तिच्या नकळत तिच्या हातावर चित्र काढतो, पुढे तिची इच्छा न विचारता तिची वस्त्रे आणि केस आपल्या आवडीप्रमाणे करतो, आणि ती प्रेमात पडते. मग तिची शपथही तोच आपल्याकडे घेतो. २०१५ साली वर्तमानपत्रांतून यावर कडक टीका झाली, आणि आमच्या मते ती योग्य होती. दुसऱ्या भागाने या पात्राची दुरुस्ती केली नाही. त्याला जवळजवळ पडद्याबाहेर काढले. अवंतिका तेथे क्षणभर दिसते, इतकेच. कराराच्या बैठकीत अडचणीचे कलम वगळून पुढच्या कलमाकडे जाणारे लोक आम्ही पाहिलेले आहेत. त्याने बैठक लवकर उरकते, पण ज्याचे ते कलम असते तो माणूस दाराबाहेर उभाच राहतो. पहिल्या भागात अस्लम खान नावाचा शस्त्रांचा व्यापारी कटप्पाला दास्यातून सोडवू पाहतो, त्याचीही हीच गत. दुसऱ्या भागात तो फिरकतच नाही.

येथे कोणी विचारील की, प्रत्येक गाठ सोडवलीच पाहिजे काय? तसे नाही. त्याच २०१७ साली अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ या १९८२ सालच्या चित्रपटाचा दुसरा भाग आला. पहिला रिडली स्कॉट यांचा, दुसरा डेनिस व्हिलनव्ह यांचा. त्यातली गोष्टही राबणारांचीच आहे. दूरच्या वसाहतींत गुलामासारखे राबवण्यासाठी बनवलेली कृत्रिम माणसे पळून पृथ्वीवर येतात, आणि त्यांना ठार करण्याचे काम डेकार्डकडे असते. तो डेकार्ड स्वतः माणूस की बनवलेला, हा वाद प्रेक्षकांत पस्तीस वर्षे चालला. दुसऱ्या भागात डेकार्ड म्हातारा होऊन परत येतो, पण त्या प्रश्नाचे उत्तर येत नाही. आम्हांस हे बरोबर वाटते. माणूस आणि बनवलेला यांतला फरक दाखवता येत नसेल, तर एकाने दुसऱ्याला राबवावे कोणत्या आधारावर, हा त्या चित्रपटाचा खरा प्रश्न. आणि निकाल दिला असता तर तो प्रश्नच मिटला असता. म्हणजे गाठी दोन प्रकारच्या. एक, सोडवण्याचे वचन देऊन मारलेली. ती सोडवलीच पाहिजे. दुसरी, जिच्यावर सारे कापड तोलून धरलेले असते; तिला हात लावू नये.

कटप्पाची गाठ पहिल्या प्रकारची होती, आणि चित्रपटाने ती सोडवली. तरी आमचे समाधान झाले नाही. का, ते सांगून आम्ही आपली रजा घेऊ.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात हजेरी ठेवणारा एक कारकून होता. वरच्या साहेबाने सांगितले म्हणून त्याने एका कामगाराच्या हजेरीत खाडाखोड केली, आणि त्या कामगाराची नोकरी गेली. दोघे एकाच चाळीत राहणारे, एका ताटात जेवलेले. पुष्कळ वर्षांनी कारकून निवृत्त झाला आणि आमच्या कचेरीत आला. तो कामगार तेथेच बसला होता. कारकून म्हणाला, “दादा, मी काय करणार? हुकूम होता.” कामगार बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “हुकूम कोणाचा होता, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तू आदल्या रात्री माझ्याकडे का आला नाहीस, ते सांग.” कारकुनाला उत्तर देता आले नाही. पुढे दोघे चहा प्यायले. पण प्रश्न तेथेच राहिला.

चित्रपटातला कटप्पा राजमातेपुढे रडतो, विनवतो. तू मारतोस की मी मारू, असे ती विचारते तेव्हा तो नमतो. पण ज्याला मारायचे त्याच्याकडे तो आदल्या रात्री जात नाही. अमरेंद्र त्याला मामा म्हणतो. पाठीत तलवार शिरल्यावरही मामाच म्हणतो, आणि आईला जप म्हणून सांगतो. कटप्पाने हुकूम का पाळला, हे चित्रपटाने नीट सांगितले. एका माणसाचा देह, त्याचे शौर्य आणि त्याची माया पूर्वजांच्या शपथेपायी सिंहासनाला बांधलेली का असावी, हे मात्र त्याने विचारले नाही. अखेरीस महेंद्र बाहुबली राजा होतो, प्रजा जयजयकार करते, आणि कटप्पा नव्या सिंहासनापाशी उभा राहतो. त्याची शपथ सुटल्याचे आम्हांस पडद्यावर कोठे दिसले नाही.

देशाने एक वर्ष नऊ महिने ‘कटप्पाने का मारले’ असे विचारले. कटप्पाला मोकळे कोण करणार, असे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ज्या उधारीची मागणीच होत नाही, ती कोणताही दुसरा भाग फेडीत नाही. चित्रपटात ती मागणी करायची प्रेक्षकांनी, आणि कारखान्यात, कचेरीत, घरात ज्याची त्याने. आपण येथून घरी जाल तेव्हा वाटेत एवढे आठवून पाहावे, की आपल्या ओळखीत असा कोण आहे, ज्याच्याकडे आपण आदल्या रात्री जायला हवे होते. तो अजून असेल, तर आज रात्र फार झालेली नाही.