विश्लेषण : मारिओचे तीन अभिजात गेम एका संचात, पण विक्री जेमतेम सहा महिने! ‘थ्रीडी ऑल-स्टार्स’ने काय दिले, काय हिरावले?

जुना चित्रपट पुन्हा प्रदर्शित होतो, जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते. व्हिडीओ गेमचे तसे नाही. ज्या यंत्रासाठी गेम तयार झाला ते यंत्र बाजारातून गेले, की गेमही त्याच्यासोबत जातो. त्यामुळेच जुने गेम एकत्र करून नव्या यंत्रावर आणणाऱ्या संचांना महत्त्व आहे. १८ सप्टेंबर २०२० रोजी निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ हा असाच संच बाजारात आणला आणि ३१ मार्च २०२१ रोजी त्याची विक्री स्वतःहून थांबवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातील एक गेम स्वतंत्रपणे पुन्हा विक्रीला आला. त्या निमित्ताने या संचाचे मूल्यमापन.

प्लॅटफॉर्म गेम म्हणजे काय?

धावणे आणि उडी मारणे एवढ्या दोन गोष्टींवर उभा असलेला गेम म्हणजे प्लॅटफॉर्म गेम. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जायचे, मधला खड्डा चुकवायचा, शत्रूच्या डोक्यावर उडी मारायची. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ पहिल्यांदा दिसला आणि १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने या प्रकाराला त्याचे व्याकरण दिले. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची रचना, कोजी कोंदो यांचे संगीत, असा तो योग होता.

भारतात निन्टेंडोचे मूळ यंत्र फार थोड्यांनी पाहिले. पण त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत टीव्हीला जोडल्या गेल्या. गेमच्या कार्ट्रिजला आपल्याकडे ‘कॅसेट’ म्हटले जाई. एका कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याचा दावा वेष्टनावर असे. प्रत्यक्षात तेच मोजके गेम नाव आणि रंग बदलून पुन्हा पुन्हा येत. संचाची खरी किंमत आकड्यावर ठरत नाही, हे त्या पिढीला अनुभवाने ठाऊक आहे. ‘थ्रीडी ऑल-स्टार्स’मध्ये गेम फक्त तीन आहेत.

संचात नेमके काय आहे?

‘सुपर मारिओ ६४’ (१९९६), ‘सुपर मारिओ सनशाइन’ (२००२) आणि ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ (२००७). तिन्ही गेम तीन वेगवेगळ्या यंत्रांचे : अनुक्रमे निन्टेंडो ६४, गेमक्यूब आणि वी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला ३५ वर्षे झाल्याच्या निमित्ताने ते स्विच या यंत्रासाठी एकत्र आले. तिन्ही गेमचे मिळून १७५हून अधिक संगीताचे तुकडे स्वतंत्रपणे ऐकण्याची सोयही आहे. अमेरिकेतील किंमत जवळपास ६० डॉलर, म्हणजे एखाद्या नव्या कोऱ्या गेमइतकीच. एवढ्या किमतीत गेमची जुनी रेखाटने, निर्मात्यांच्या मुलाखती किंवा घडणीचा इतिहास मिळावा, अशी अपेक्षा चुकीची नाही. त्यातले काहीही इथे नाही. गेम निवडायचा, खेळायचा, एवढेच. २०१०चा ‘गॅलक्सी २’ही संचात नाही आणि त्याचे कारण कुठे दिलेले नाही.

‘मारिओ ६४’ आजही खेळण्यासारखा आहे का?

आहे, आणि संचातला सर्वांत महत्त्वाचा गेम हाच. १९९६पूर्वी मारिओ डावीकडून उजवीकडे धावत असे. इथे तो पहिल्यांदा मोकळ्या मैदानात आला. काठी किंचित ढकलली तर तो दबक्या पावलांनी चालतो, पूर्ण ढकलली तर धावतो. सलग तीन उड्या मारल्या तर तिसरी सर्वांत उंच जाते. हे सारे कुणी शिकवत बसत नाही. गेम सुरू होताच आपण किल्ल्यासमोरच्या बागेत असतो. तिथे शत्रू नाहीत, घड्याळ नाही. झाडावर चढा, पाण्यात पोहा, हिरवळीवर कोलांट्या मारा. खेळाडू खेळता खेळता आपणच शिकतो. पुढे १५ मुख्य पातळ्या आणि १२० तारे. मात्र ७० तारे जमवले तरी शेवट गाठता येतो. त्यामुळे एखादी पातळी जमली नाही म्हणून वाट अडत नाही.

वय जाणवते ते कॅमेऱ्यात. मूळ यंत्रावर कॅमेरा चार बटणांनी ठरावीक कोनांत फिरवावा लागे. आता ते काम उजव्या काठीकडे आले आहे, पण कॅमेरा अजूनही तसाच टप्प्याटप्प्याने सरकतो. अरुंद कड्यावर तो भिंतीआड अडकतो आणि मारिओ खाली पडतो. चित्र स्वच्छ झाले आहे, अक्षरे सुबक झाली आहेत; पण चौकट जुन्या टीव्हीच्याच प्रमाणात असल्याने पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. १९९७मध्ये जपानमध्ये निघालेली सुधारित आवृत्ती इथे वापरली आहे. त्यामुळे मूळ गेममधील काही प्रसिद्ध त्रुटी, ज्यांच्या आधारे विक्रमवीर गेम विक्रमी वेळात संपवत, त्या इथे चालत नाहीत. सामान्य खेळाडूला फरक पडणार नाही, जाणकारांना मात्र तो चटकन जाणवतो.

‘सनशाइन’मध्ये काय जमले, काय बिघडले?

तिघांत सर्वांत हेकट गेम हा. मारिओ सुट्टीसाठी डेल्फिनो बेटावर जातो आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कुणीतरी केलेली घाण साफ करण्याची शिक्षा त्याला होते. पाठीवर पाण्याचा पंप. त्याने चिखल धुवायचा आणि त्याच पाण्याच्या जोरावर हवेत तरंगायचे. उडी चुकली तरी क्षणभर तरंगून सावरता येते, ही या गेमची मोठी गंमत. उन्हाने झळाळणारे बंदर, पारदर्शक पाणी आणि गजबजलेला चौक आता रुंद पडद्यावर पाहताना गेम २००२चा वाटत नाही.

अडचण नियंत्रणाची आहे. गेमक्यूबच्या नियंत्रकावरचे बटण दाबाचा जोर ओळखत असे : अर्धे दाबले तर धावता धावता फवारा, पूर्ण दाबले तर उभे राहून नेम. स्विचच्या बटणांना जोर कळत नाही. म्हणून एकाच्या जागी दोन वेगळी बटणे आली. काम भागते, पण बोटाला मिळणारा तो बारकावा गेला. गेमक्यूबचा जुना नियंत्रक जोडण्याची सोय सुरुवातीला नव्हती, ती नोव्हेंबर २०२०च्या सुधारणेत आली. मूळ गेममधले दोषही तसेच आहेत. २४० निळी नाणी शोधायची, पण कोणती सापडली आणि कोणती राहिली याची यादी गेम देत नाही. अशी साधी सोय आता करता आली असती.

‘गॅलक्सी’ सर्वांत ताजा का वाटतो?

कारण त्याची कल्पनाच अजून जुनी झालेली नाही. छोटे छोटे गोल ग्रह, प्रत्येकाचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण. मारिओ ग्रहाला वळसा घालून खालच्या बाजूला जातो, उलटा चालतो, पण पडत नाही. ‘मारिओ ६४’मध्ये कॅमेऱ्याने जो त्रास दिला, त्यावरचे उत्तरही याच रचनेत आहे. गोलाला कोपरा नसतो, त्यामुळे कॅमेरा अडकण्याचे प्रसंग फार कमी येतात. माहितो योकोता आणि कोजी कोंदो यांचे वाद्यवृंदाने वाजवलेले संगीत या गेमला भव्यता देते.

सेकंदाला ६० चित्रे या गतीने तो स्विचवर सफाईने चालतो. बाकीचे दोन्ही गेम ३० चित्रांवर थांबतात. वीचा नियंत्रक हलवून करायची गिरकी आता साध्या बटणानेही घेता येते. मात्र पडद्यावर रोखून ताऱ्यांचे कण गोळा करायचे काम यंत्र हातात धरून खेळताना स्पर्शपडद्यावर होते. उडी मारता मारता अंगठा बटणावरून उचलून पडद्यावर न्यायचा, हे त्रासदायकच. टीव्हीला जोडून खेळलात तर हा गेम संचाची निम्मी किंमत वसूल करतो.

आधीच्या संचांशी तुलना केली तर?

निन्टेंडोनेच १९९३मध्ये ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ काढला होता. त्यात चार जुने गेम नव्या यंत्राच्या ताकदीनुसार पुन्हा रंगवले होते आणि खेळ अर्धवट जतन करण्याची सोय जोडली होती. त्यातला एक गेम जपानबाहेर अधिकृतपणे पहिल्यांदाच पोहोचला. इतरांनीही वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या. २०१७च्या ‘क्रॅश बँडिकूट’ त्रयीने तिन्ही गेम पायापासून नव्याने बांधले. २०२२च्या ‘अटारी ५०’ने गेमइतकेच महत्त्व मुलाखती, कागदपत्रे आणि कालपटाला दिले, जणू खेळता येणारे संग्रहालयच.

‘थ्रीडी ऑल-स्टार्स’ने यांपैकी कोणतीच वाट घेतली नाही. मुख्यतः इम्युलेशनचा, म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या प्रणालीचा आधार घेऊन गेम जवळपास जसेच्या तसे चालवले आणि वरून चित्र धारदार केले. मूळ कृतीला धक्का न लावणे हा गुणच. पण पुनर्निर्मिती करायची नसेल तर संदर्भ तरी द्यायला हवा. इथे दोन्ही नाही.

मग मुदत कशासाठी?

हा ३५व्या वर्षाचा खास उत्सव आहे आणि उत्सव मार्चअखेर संपेल, अशी कंपनीची भूमिका होती. त्याच दिवशी ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३५’ हा ऑनलाइन गेमही बंद झाला. मुदतीचा परिणाम विक्रीवर दिसला. पहिल्या १२-१३ दिवसांतच ५२ लाखांहून अधिक प्रती गेल्या. ‘आज नाही घेतला तर कधीच नाही’ ही भीती ग्राहकाला लवकर पाकीट उघडायला लावते. साडी महोत्सवाच्या ‘शेवटचे तीन दिवस’ या फलकामागचे गणितही हेच. फरक इतकाच, की साडीचा साठा खरोखर संपतो. डिजिटल प्रतीचा साठा संपत नाही, तो संपवावा लागतो.

विक्री थांबली तरी ज्यांनी डिजिटल प्रत घेतली होती त्यांना ती पुन्हा उतरवून घेता येते आणि विकली गेलेली कार्डेही चालतात. नव्या ग्राहकासाठी मात्र दार बंद झाले. विरोधाभास असा, की विक्री थांबल्यानंतर नोव्हेंबर २०२१मध्ये या संचाला आणखी एक सुधारणा मिळाली. निन्टेंडो ६४चा नियंत्रक वापरण्याची सोय आली, पण तेव्हा संच दुकानात नव्हता!

प्रश्न फक्त मारिओचा आहे का?

नाही. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३च्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१०पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ‘सेगा’ने २०२२मध्ये ‘सोनिक ओरिजिन्स’ संच आणताना त्यातल्या गेमच्या सुट्या जुन्या आवृत्त्या अनेक डिजिटल दुकानांतून काढल्या. निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची डिजिटल दुकाने मार्च २०२३मध्ये बंद केली. कायदेशीर वाट बंद झाली, की चाहते चोरट्या प्रतींकडे वळतात आणि मग कंपन्या चोरीच्या नावाने बोटे मोडतात.

आता काय मिळते?

‘मारिओ ६४’ निन्टेंडोच्या वार्षिक वर्गणीच्या वरच्या श्रेणीत खेळता येतो. वर्गणी थांबली की गेमही थांबतो. ‘गॅलक्सी’ आणि ‘गॅलक्सी २’ हे दोन्ही २ ऑक्टोबर २०२५ रोजी स्विचसाठी आले. सुटे घेतले तर अमेरिकेत प्रत्येकी ४० डॉलर, जोडी ७० डॉलर. म्हणजे २०२०मध्ये ६० डॉलरमध्ये तीन गेम मिळत होते, तिथे त्यातल्या एकट्या गेमला आता ४० मोजावे लागतात.

संचाचे जुने कार्ड रास्त किमतीत मिळाले तर घ्यावे का? ‘गॅलक्सी’साठीच घेणार असाल तर नवी आवृत्ती बरी. तीन टप्प्यांत एक खेळप्रकार कसा मोठा होत गेला हे पाहायचे असेल, तर त्यासाठी हाच संच उपयोगी. गेम उत्तम, मांडणी कंजूष आणि विक्रीचे धोरण ग्राहकविरोधी, असा त्याचा हिशेब आहे. निन्टेंडोने निदान ‘सनशाइन’ आणि ‘मारिओ ६४’ मुदतीविना पुन्हा दुकानात ठेवावेत. पुस्तकाच्या प्रती संपल्या तरी ग्रंथालय असते. गेमसाठी तसे ग्रंथालय अजून फारसे उभे राहिलेले नाही, आणि तोवर ती जबाबदारी विकणाऱ्यावरच येते.