शेवटची पाच मिनिटं

डिसेंबर २०२४मध्ये ‘सीआयडी’ पुन्हा सुरू झाली आणि घरातली पोरं दार तोडण्याचे विनोद करून खिदळली. मला ते लागलं. बी. पी. सिंग यांनी ही मालिका १९९८मध्ये आणली, पण त्याआधी मुंबई दूरदर्शनवर त्यांचीच ‘एक शून्य शून्य’ आम्ही श्वास रोखून बघितली होती. शिवाजी साटमही त्यात होते. हे पोरांना सांगायचं तर दाखवू काय?

१९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतरची दहा वर्षं सोडूनच द्या. ‘आमची माती आमची माणसं’ बघून आम्ही चाळकरी खतांची नावं शिकलो, एवढंच.

मग रंग आला, आणि टेलिफिल्मही. एक बंगला, एक खून, सहा संशयित, नाटकातली ओळखीची मंडळी, आणि पार्श्वसंगीताला एकटा सिंथेसायझर (मला तो आवडायचा!). तिकीट नाही, पोस्टर नाही. सिनेमाचे समीक्षक ‘टीव्हीवरचं’ म्हणून नाक मुरडत, नाटकाचे ‘सिनेमासारखं’ म्हणून. एकदा लागली की संपली.

म्हणून तर आम्हा जुन्या कॅसेटी जमवणाऱ्यांना तिचं वेड. गाजलेला सिनेमा कुणाकडेही असतो. चोरबाजारात ‘मंजूचं बारसं’ लिहिलेली कॅसेट दिसते, लेबलावर खाली खोडलेलं ‘खुनाची...’ असतं, तेव्हा हात थरथरतो. मंजू पाळण्यात पडेपर्यंत दम धरायचा. पुढे कधी पांढरी बुरशी, कधी ‘व्यत्यय’ची पाटी. कधी मात्र घबाड.

अमेरिकेतही तेच. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ मूळ १९५४मध्ये सीबीएसच्या ‘स्टुडिओ वन’वर थेट सादर झालं. कित्येक वर्षं त्याचा पहिला भागच शिल्लक होता. संपूर्ण चित्रण २००३मध्ये मिळालं, तेही एका दिवंगत न्यायाधीशाच्या सामानात. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ तिथूनच आलेला, १९८६चा. तो नशीबवान, टिकला.

माझ्याकडची एक टेलिफिल्म त्याच सुमाराची. तीन तासांच्या कॅसेटवर मामांनी आधी क्रिकेट भरलं, उरलेल्या जागेत ही. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढतो, आणि टेप संपते. पस्तीसेक वर्षं मला खुनी माहीत नाही.

त्यातल्या एका नटाला परवा नाट्यगृहाच्या विंगेत गाठलं. ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, “अहो, मी तर मध्यंतराआधीच मरतो. पुढचं मला कुणी सांगितलंच नाही.”